अर्ध्या होरीचा दौरा

माझ्या मुलानं स्टेजवर तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द निघायच्या आधीच सगळं नाट्यगृह ओरडलं, "तुझी होरी ने कुठं न्यायाची ती. माझी हितंच हाय." मुलगा तसाच उभा राहिला, हातात नांगर, तोंड उघडं. लोक हसले, टाळ्या पिटल्या, मागून कुणी शिट्टी मारली. सगळं ओसरल्यावर मुलानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, कारण पुढचं बोलणं थोरल्या भावाचं होतं आणि थोरला त्याच्या वाक्यासाठी अडून बसला होता. या वेळी कुणी हसलं नाही.

माझ्या पुढच्याच रांगेत ठाण्याकडून आलेला तो माणूस बसला होता, नाटकांचे दौरे लावणारा. आजचा प्रयोग त्याच्यासाठी होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला, वेळ बघितली, परत ठेवला. त्याच्या पलीकडे गॅस कंपनीच्या कॉलनीतलं एक जोडपं होतं. बाईनं नवऱ्याला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"ऐकूच नाही आलं," नवरा म्हणाला. "पण विनोद असणार."

नाटक दोन भावांचं होतं, मुलानंच रचलेलं. वाटण्या होतात, घर वाटलं जातं, भांडी वाटली जातात, आणि होरी एकच असते. होरी म्हणजे होडी, आमच्याकडे तसंच म्हणतात. मग होरीच्या मधोमध चुन्याची रेघ मारतात. मागचा अर्धा भाग थोरल्याचा, त्यात इंजिन. पुढचा धाकट्याचा, त्यात नांगर. थोरला इंजिन चालू करतो तेव्हा धाकटा आपल्या बाजूनं नांगर टाकतो आणि ते वाक्य बोलतो. सगळ्यात जास्त हशा तिथं असायचा. मुलगा ते वाक्य बोलायच्या आधी थोडा थांबायचा, नांगराकडे बघायचा, भावाकडे बघायचा. त्या थांबण्यातच आमची माणसं घुसली.

त्यात त्यांचा दोष काय काढायचा. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद. पुरुष शेडमध्ये बसून जाळी दुरुस्त करतात. बायकांना सुकवायला ऊन नाही आणि सुकवायला मासळीही नाही. मुलानं तालमी त्याच शेडमध्ये घेतल्या. जाळ्यांवर बसून सगळा कोळीवाडा रोज बघायचा. पोरांनाही पाठ झालं. माझ्या शेजारणीचा नातू दूध प्यायला नको म्हणायचा तेव्हा ती त्याला थोरल्या भावाच्या आवाजात ओरडायची आणि तो धाकट्याचं बोलायचा. आणि आमच्याकडे नाटकाला गप्प बसायची रीत नाही. जत्रेत नाटक लागलं की खालून उत्तरं देतात. ज्याला उत्तर येत नाही तो नट कच्चा म्हणतात.

तर प्रयोगाला तालुक्याच्या गावी नवं एसी नाट्यगृह मिळालं, ठाण्याचा माणूस बघायला येणार, असं कळल्यावर कोळीवाड्यानं ठरवलं की पोराला साथ द्यायची. हॉल रिकामा दिसता कामा नये आणि हशा कमी पडता कामा नये. टेम्पो केले. माझी थोरली जाऊ सगळ्यात पुढे. मासळीबाजारात अर्धं आयुष्य बसलेली बाई, तिचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. टेम्पोत चढताना तिनं सगळ्यांना बजावलं, "लाजू नका. पोट धरून हसा."

ते हसले. पण ज्याला ऐकवायचं होतं त्याला त्या हसण्यात काही ऐकू गेलं नाही.

मुलाचं काय होतं ते सांगते. तो खलाशी. दुसऱ्याच्या होडीवर जातो, कारण आमची होडी कधीच विकली. होड्यांना रंग देतात तेव्हा तांडेल आपली माणसं ठरवतो, हंगाम सुरू होण्याआधी. तांडेल म्हणजे होडी चालवणारा, तो म्हणेल तो होडीवर. या वर्षी मुलगा त्याला जाऊन सांगून आला, मला धरू नका, माझं नाटक दौऱ्यावर जाणार. तांडेलानं वाद घातला नाही. त्याच दिवशी दुसरा माणूस धरला. मला हे सुनेनं सांगितलं, मुलानं नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "कुणी नेणार म्हणून सांगितलंय का?" तो म्हणाला, "बघायला येतोय." बघायला तर मुलीलाही येतात आणि पोहे खाऊन जातात. पण सांगून झालं होतं. नारळी पुनव चार दिवसांवर आली होती, होड्या पाण्यात जाणार होत्या, आणि त्यातल्या एकीवरही माझ्या मुलाची जागा नव्हती. नाटकातल्या बाकीच्यांनी मात्र आपापल्या जागा धरून ठेवल्या होत्या. शहाणे.

मध्यंतरात मी बाहेर आले. गुडघे दुखतात, त्या खुर्च्या आपोआप मिटतात, उठताना मागून चावतात. बाहेर वड्याची गाडी होती. तिच्यासमोर ठाण्याचा माणूस, ते कॉलनीतलं जोडपं आणि म्हसळ्याकडचे एक निवृत्त गुरुजी उभे होते. गुरुजींना मी ओळखते, ते जिथं नाटक असेल तिथं जातात. मी वडापाव घेतला आणि पायरीवर बसले. त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं.

कॉलनीतला माणूस म्हणाला, "छान आहे हो. एनर्जी आहे."

"एनर्जी प्रेक्षकांत आहे," ठाण्याचा माणूस म्हणाला. "स्टेजवर काय आहे ते मला अजून कळायचंय."

"कल्पना चांगली आहे," गुरुजी म्हणाले. "अर्धी होडी. बघा ना, कुठल्याही गावात चालेल. बांध असेल, विहीर असेल, भांडण तेच."

"कल्पना चालते गुरुजी, भाषा कशी चालणार? पेणच्या पुढं होरी कुणाला कळेल?"

"होडी करा."

"सगळंच करावं लागेल. मग तुमचं काय उरलं?"

"आमचं काय उरायचं. आमच्या म्हसळ्यालाही निम्मं कळणार नाही. तरी लोक हसतील."

"हसतील हो," ठाण्याचा माणूस म्हणाला, "पण दौरा नुसत्या हसण्यावर नाही होत. नगरचा माणूस तिकीट काढून येतो, तो घरी जाऊन सांगणार काय? एक प्रसंग असा लागतो की तो बायकोला सांगेल, मेव्हण्याला सांगेल. इथं मला तो दिसलाच नाही. दिसायच्या आधी तुमचं पब्लिक त्याच्यावर बसतं."

बाई म्हणाली, "ते सगळं आधीच पाठ आहे का लोकांना?"

"नातेवाईक असणार," नवरा म्हणाला. "टेम्पो नाही बघितलेस बाहेर?"

मी वडापाव संपवला. तिखट होता. बोलावं की न बोलावं असा विचार केला आणि नाही बोलले. बोलून तो माणूस काही वेगळं ठरवणार नव्हता. पण माझ्या मागे जाऊ येऊन उभी होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ती तशीच आत गेली. मी मागोमाग गेले तेव्हा ती रांगारांगांतून फिरत होती. "एक शबुद नको," ती सांगत होती. "हसायचा न्हाय, बोलायचा न्हाय. जो बोलंल त्याला जाताना टेम्पोत घेनार न्हाय."

"मंगाशी तूच म्हनालीस हसा," एका बाईनं विचारलं.

"मंगाशी म्हनाले. आता म्हनते गप बसा."

दुसऱ्या अंकाला आमची माणसं पदर तोंडात धरून बसली. पुरुष मांडीवर हात ठेवून, पंगतीला बसल्यासारखे. आणि परकी माणसं, जी पहिल्या अंकात आमच्या हसण्याकडे बघून हसत होती, ती आता कुणी हसत नाही म्हणून हसेनात. मुलगा वाक्यं टाकत होता आणि ती खाली पडत होती. मला बसल्या जागेवरून त्याच्या मानेवरचा घाम दिसत होता. मेकअप ओघळला होता. थोरल्या भावाचं काम करणारा तर घाईघाईत बोलायला लागला, कधी संपतं असं झालं होतं त्याला.

मग ताटाचा प्रसंग आला.

हा प्रसंग आमच्या घरातला. माझा नवरा आणि त्याचा भाऊ यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी शपथा घेतल्या, एकमेकांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. ओटी एकच, मध्ये लाकडी पट्टी ठोकलेली. त्या वर्षी माझा नवरा आजारी पडला आणि आमच्या घरात शिजवायला नव्हतं. रोज जेवणाच्या वेळी जाऊ एक ताट आणून बरोबर त्या पट्टीवर ठेवायची आणि आत जायची. पट्टीवर ठेवलं म्हणजे तिनं आम्हाला दिलं नाही. मी पट्टीवरून उचललं म्हणजे तिच्या घरातून घेतलं नाही. शपथ कुणाचीच मोडली नाही. ताट धुऊन मी परत पट्टीवर ठेवायची. आम्ही दोघी त्या काळात एक अक्षर बोललो नाही. मुलगा त्या ताटातलं जेवून वाढला, त्यामुळे त्याला ते आठवणारच. नाटकात त्यानं ते होरीच्या रेघेवर आणलं. तालमीत तो प्रसंग आला की आमच्या बायका जाळ्यांत तोंड घालून रडायच्या.

थोरल्याच्या बायकोचं काम करणारी मुलगी ताट घेऊन आली, तिनं ते चुन्याच्या रेघेवर ठेवलं, मागे वळली. धाकटा आला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ताट उचललं. हॉल इतका शांत होता की प्रत्येक शब्द, प्रत्येक भांड्याचा आवाज ऐकू येत होता.

आणि कॉलनीतली बाई हसली.

तिचं हसणं आवरेना. नवराही हसला. मग त्यांच्या मागचे, मग बाजूचे. त्यांनी पहिल्यांदा काहीतरी नीट ऐकलं होतं आणि नीट बघितलं होतं, आणि त्यांना ते विनोदी वाटलं. भांडण एवढं की ताटालासुद्धा रेघ लागते, असं वाटलं असेल. ठाण्याचा माणूस पुढे झुकला. तोही हसत होता, मांडीवर थाप मारून.

आमच्यातलं कुणी हसलं नाही. जाऊ उठून उभी राहिली. तिनं कॉलनीतल्या बाईला, मोठ्यानं नाही, बाजारात गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "हसाया काय झाला गो?"

लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. आख्खा हॉल हसला, आमचे सोडून. मुलगा स्टेजवर ताट हातात घेऊन उभा होता. त्यानं खाली बघितलं, काकी उभी दिसली. तो पुढचं वाक्य विसरला. ते वाक्य आम्हाला सगळ्यांना येत होतं, पण कुणी सांगितलं नाही, कारण जाऊनं बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

पडदा पडल्यावर ठाण्याचा माणूस टेम्पोपाशी आला. मुलगा अर्धं तोंड पुसून बाहेर आलेला, एक गाल पांढरा, एक त्याचा. मी आणि जाऊ टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसलो होतो, दार उघडं होतं.

"बघ, मला स्पष्ट बोलायची सवय आहे," तो मुलाला म्हणाला. "पहिला अंक कापायचा. सगळं नाटक त्या ताटावर आण. एकदा नाही, तीनदा आण. पहिल्यांदा ताट ठेवते. दुसऱ्यांदा तो रेघ सरकवतो. तिसऱ्यांदा मांजर घेऊन जातं."

"मांजर?" मुलगा म्हणाला.

"कापडाचं. दोरीनं ओढायचं. हसून मरतील लोक. भाषा थोडी साफ करू. तू आहेस तसा राहा, तू चांगला आहेस. बाकीचे बदलू, माझ्याकडे मुलं आहेत. दिवाळीनंतर तारखा लावतो."

"बाकीचे तेव्हा होडीवर असतात," मुलगा म्हणाला.

"तेच म्हणतोय. तसेही ते नाहीत. तुझं काय?"

मुलगा राहिलेला गाल पुसायला लागला. त्याचं काय ते मला माहीत होतं. गुरुजी तिथं येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "मांजर नको हो. ताट आहे तसंच ठेवा."

"गुरुजी, तुम्ही फुकट पासवर येता," ठाण्याचा माणूस म्हणाला, आणि हसला. गुरुजीही हसले. वाईट माणूस नव्हता तो. त्याचा धंदा त्याला कळत होता.

"उद्या सांगतो," मुलगा म्हणाला.

टेम्पोत सगळे एकदम बोलत होते. कंटेनरच्या रांगेत टेम्पो अडकला होता, बंदराकडचा रस्ता तसाच असतो, म्हणून बोलायला वेळही होता.

"चालंल गो नागपूरला?"

"नागपूरला समिंदर कुठं हाय?"

"समिंदर नसला म्हनून काय, भाव न्हाईत काय त्यांना?"

"मांजर आनला तर मी येनार न्हाय बघाया."

"तुना बोलवतंय कोन? पुन्याची मानसा येतील."

"ती बाय हसली, तिला इचारायला पायजे होता, तुझ्या घरात ताट कोन ठेवतो."

"इचारला की. काकीनं इचारला."

त्यावर सगळे हसले, जाऊ सोडून. मुलगा मागे नेपथ्याच्या फळ्यांवर बसला होता. तिकडे कुणी बघत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं की त्याच्याकडे होडी नाही आणि त्यानं नाही म्हटलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याला घरी बसायचंय किंवा बंदरावर बिगाऱ्याचं काम शोधायचंय. आणि हो म्हटलं तर काकीच्या ताटाला मांजर लावायचंय.

घरी आल्यावर तो जेवला नाही. सकाळी जाऊच्या ओटीवर गेला. मी आमच्या बाजूला तांदूळ निवडत होते, पट्टी अजून आहे, तिच्यावर आता कुंड्या ठेवतो. जाऊ बोंबील मोजत होती, गेल्या हंगामातले राहिलेले.

"काकी," तो म्हणाला, "मी न्हाय म्हनून सांगतो."

"मग खानार काय?"

तो तिच्यासमोर बसला.

"मी ते ताट ठेवला तवा कोन हसला?" जाऊनं विचारलं.

"कोन न्हाय."

"मग झाला. तवा हसले असते तर मना लागला असता. आता हसू दे. तू जा."

"मांजर लावनार ते."

"लावू दे मांजर. खरा मांजर तर न्हाय ना? खरा आनलात तर तो ताटातला खाईल, आनि रोज नवा मासा घालावा लागंल." ती परत बोंबील मोजायला लागली. तिची मोजणी चुकली होती, तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मला वाटलं ती आणखी काही बोलेल. नाही बोलली. मी तांदूळ निवडत राहिले. आम्हा दोघींना त्या ताटाबद्दल बोलायची सवयच नाही.

नाटक दौऱ्यावर गेलं. दिवाळीनंतर सुरू झालं. मुलगा पुणे, नगर, सातारा करून यायचा, दोन दिवस झोपायचा, परत जायचा. नाटकात त्याच्या बायकोचं काम कुणी शिकलेली मुलगी करायची, तिला भाकरी थापता येत नव्हती, ती थापल्यासारखं करायची. लोकांनी मांजराचे व्हिडिओ केले. कोळीवाड्यातल्या पोरांच्या मोबाईलवर ते आले. पोरं बघायची आणि कुणी मोठं आलं की मोबाईल उलटा ठेवायची.

मी एकदा बघितलं, हरिहरेश्वरला दर्शनाला गेले होते तेव्हा परतताना म्हसळ्याला. गुरुजींनी पास दिला. तिसऱ्या वेळी मांजर आलं तेव्हा माझ्या बाजूची बाई हसून डोळे पुसत होती. तिनं मला कोपरानं ढोसलं, "बघा हो आजी, बघा." मी बघितलं. मुलगा चांगलं करत होता. ताट उचलायच्या आधी तो आता पूर्वीइतका थांबत नव्हता. थांबला तर हशा पडत नाही म्हणाला, मी विचारलं तेव्हा. परतीच्या एसटीत मला झोप लागली. दुसरं काही सांगण्यासारखं नाही.

आमच्या कोळीवाड्यात ते नाटक परत झालं नाही. जाऊनं दौऱ्यातलं बघितलं नाही, आणि कुणी तिला चल म्हटलं नाही. होळीनंतर तारखा येईनाशा झाल्या. ठाण्याच्या माणसानं दुसरं नाटक घेतलं, त्यात मुलाला काम नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात होड्यांना रंग लागायला लागले तसा मुलगा तांडेलाकडे गेला. तांडेल म्हणाला, जागा भरलीय, पण माझ्या भावाच्या होडीवर बघतो. तिथं मिळाली. जाळ्याच्या शेडमध्ये आता नाटकाच्या तालमी होत नाहीत, पोरं मोबाईल बघतात, बाकीचे पत्ते खेळतात.

त्या दिवशी टेम्पोतून गेलेल्यांपैकी जाऊ वारली, साखरेच्या आजारानं. बाकी सगळे आहेत. मुलगा होडीवर आहे. मी घरी आहे.